रक्त कमी, साखर जास्त

सोलापूर–हैदराबाद महामार्गावर नळदुर्गाजवळ अणदूर नावाचे गाव आहे. डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांनी तिथे ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’चे काम उभे केले आणि आसपासच्या गावांतल्या बायकांना आरोग्याचे प्राथमिक शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ तयार केल्या. २०१४-१५ मध्ये याच संस्थेच्या आधाराने डॉ. आनंद अहंकारी यांनी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांसह तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ३४ गावांत एक पाहणी केली. १३ ते १७ वर्षांच्या १०१० मुलींचे हिमोग्लोबिन तपासले, उंची-वजन घेतले, दंडाला टेप लावला, आठवड्यात काय काय खाता ते विचारून लिहून घेतले. या वयात हिमोग्लोबिन किमान १२ हवे. इथली सरासरी निघाली १०.१. शंभरातल्या ८७ मुली बाराच्या खाली होत्या.

‘रक्त कमी आहे’ हे मराठवाड्यातल्या घरांत इतके रुळलेले वाक्य आहे की तो आजार आहे असे कुणाला वाटतही नाही. चक्कर आली, धाप लागली, अभ्यासात लक्ष लागेना, की आजी गूळ-शेंगदाणे पुढे करते आणि आशाताई लोहाच्या गोळ्यांचे पाकीट देऊन जाते. पाहणीचे बारकावे मात्र लोहाच्या पलीकडे बोट दाखवतात. मुलीचे वय वाढेल तशी रक्त कमी असण्याची शक्यता वाढत होती. ज्या मुलींच्या दंडाचा घेर २२ सेंटिमीटर किंवा जास्त होता आणि ज्यांच्या पोटात आठवड्यातून निदान तीन दिवस फळ जात होते, त्यांना धोका कमी होता. एकूण अंगावर किती मांस आहे आणि ताटात किती रंग आहेत, असा तो मामला निघाला.

मधुमेहावरचे प्रकरण ॲनिमियापासून, म्हणजे रक्त कमी असण्यापासून, का सुरू करायचे, असा प्रश्न वाचकाला पडेल. ॲनिमियामुळे मधुमेह होतो असे इथे म्हणायचे नाही. पण ज्या ताटात लोह नाही त्या ताटात आणखीही बरेच काही नसते. आणि या मुलींपैकी बऱ्याच जणी विशीच्या आत-बाहेर आई होतात. त्यांच्या पोटातल्या बाळाचे स्वादुपिंड, स्नायू, यकृत त्याच ताटावर घडते. हे घडणे कसे होते आणि त्याची वसुली चाळीस वर्षांनी कशी होते, यावर जगातले काही अत्यंत महत्त्वाचे काम महाराष्ट्रातच झाले आहे. तेही बहुतांशी टेप, वजनकाटा आणि रक्ताच्या काही थेंबांवर.

साखरेचा आजार हा खाऊनपिऊन सुखी माणसांचा, असे समीकरण डॉक्टरांच्या पुस्तकांतही बरीच वर्षे होते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक ऑक्सफर्डमध्ये काम करून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात परतले आणि केईएम रुग्णालयात मधुमेहाचे रुग्ण तपासू लागले, तेव्हा पुस्तक आणि समोरचा पेशंट यांचा मेळ बसेना. पुस्तकातला मधुमेही साठीकडे झुकलेला, लठ्ठ गोरा माणूस होता. पुण्यातला चाळिशीच्याही आत, हातापायांनी काटकुळा, पोट तेवढे किंचित सुटलेले. वजनाच्या तक्त्यावर तो चक्क ‘नॉर्मल’ बसायचा.

तिकडे इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर हर्टफर्डशायर परगण्यातल्या जुन्या नोंदवह्यांची पाने उलटत होते. १९११ नंतर तिथल्या परिचारिकांनी प्रत्येक बाळाचे जन्मवजन टिपून ठेवले होते. त्या वह्या आणि नंतरच्या मृत्यूंच्या नोंदी जुळवल्यावर बार्करांना दिसले, की हलक्या वजनाची बाळे मोठेपणी हृदयविकाराने अधिक मेली. १९९२ मध्ये त्यांनी आणि निक हेल्स यांनी मांडले, की गर्भात उपासमार झालेले शरीर काटकसरीने घडते आणि पुढे सुबत्ता आली की त्याला ती पेलत नाही. बार्कर आणि याज्ञिक यांची गाठ पडली, आणि मग पुण्यात केईएममध्ये १९८७ ते ८९ या काळात जन्मलेल्या मुलांना शोधून त्यांची साखर तपासण्यात आली. चौथ्या वर्षीच फरक दिसला: जन्मवजन जितके कमी, तितकी ग्लुकोज प्यायल्यानंतरची साखर जास्त. आठव्या वर्षी आणखी एक गोष्ट पुढे आली. सर्वांत वाईट आकडे जन्मतः लहान पण आठ वर्षांत अंगाने भरलेल्या मुलांचे होते. आजी ज्याला ‘बाळसं धरलं’ म्हणून दृष्ट काढते, ते हेच मूल.

या सगळ्यात आई कुठे होती? तिच्याकडे सुरुवातीपासून पाहायचे तर दवाखान्यात ती येईपर्यंत थांबून चालणार नव्हते. गावात जावे लागणार होते आणि तेही दिवस जाण्याआधी. १९९३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू झाला. लग्न झालेल्या २४६६ स्त्रियांची मोजमापे आधीच घेऊन ठेवली. कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख विचारायच्या, म्हणजे ती चुकली की लगेच कळायचे. सुमारे ८०० गर्भारपणांचा मग शेवटपर्यंत पाठपुरावा झाला. भाकरी किती, कालवण कशाचे, दूध कुणाला मिळते, पाणी किती लांबून आणायचे, शेतात किती तास, सगळे लिहिले गेले. संशोधनाच्या जगात ‘डेटा’ म्हणून जे छापले जाते ते असे उंबऱ्यावर बसून जमा होते; अणदूरच्या पाहणीचीही हीच जातकुळी.

या आयांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते आणि उंची १५२ सेंटिमीटर. बाळे भरली साधारण २.७ किलोची. साउदॅम्प्टनची गोरी बाळे ३.५ किलोची. एवढ्यावर कुणालाही नवल वाटले नसते. पण मोजणाऱ्यांनी कॅलिपरच्या चिमट्यात बाळाच्या पाठीवरची, खांद्याच्या फऱ्याखालची त्वचा धरली तेव्हा गणित उलटले. पुण्याच्या बाळाचा दंड बारीक, पोटातले अवयव लहान, स्नायू तोकडे. पाठीवरची चरबी मात्र इंग्रज बाळाच्या जवळपास तेवढीच. हाडकुळ्या बाळाच्या कातड्याखाली चरबी जपून ठेवलेली होती. २००३ मध्ये छापलेल्या निबंधात या बाळाला ‘बारीक तरी चरबीयुक्त’ ठरवण्यात आले आणि त्या एका वर्णनाने आपल्याकडच्या मधुमेहाची कहाणी जन्माच्याही मागे नेली. त्याआधीच्या एका तुलनेत पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतले रक्त तपासले होते. पुण्याची बाळे वजनाने कमी असूनही त्यांच्या नाळेतले इन्सुलिन जास्त निघाले.

गर्भाला जेव्हा तुटपुंजे मिळते तेव्हा तो आधी मेंदू वाचवतो. स्नायू आणि स्वादुपिंड यांच्या वाट्याला उरलेले येते. आता रक्तातली साखर सर्वांत जास्त खपते ती स्नायूंत. तेच कमी, म्हणजे गिऱ्हाईकच कमी. आणि इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशींची कुवतही बेताची. भाकरी-चटणी आणि दिवसभराची मजुरी यांत हे शरीर निभावून जाते. मजुरी सुटली, दुचाकी आली, चहात साखर वाढली, की निभावत नाही.

मोठ्या माणसांत हे किती ठळक दिसते त्याचा एक पुरावा गमतीचा आहे. याज्ञिक आणि लंडनचे संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात दोघांचा शेजारी-शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा: २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. एवढ्या गंभीर विषयात स्वतःचीच चरबी पुराव्यादाखल देणारे शास्त्रज्ञ विरळाच.

या फोटोमागच्या विचाराचा व्यावहारिक परिणाम आज बालरोगतज्ज्ञांच्या भिंतीवर टांगलेला असतो. पुण्याच्या हिराबाई कावसजी जहांगीर संशोधन संस्थेतील डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांनी सहकाऱ्यांसह भारतीय मुलांच्या वाढीचे तक्ते तयार केले. ५ ते १८ वर्षांसाठीचे हे तक्ते भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये स्वीकारले. त्यांत जास्त वजन आणि लठ्ठपणा यांच्या रेषा पाश्चात्त्यांच्या २५ आणि ३० ऐवजी प्रौढपणीच्या २३ आणि २७ या आकड्यांवर बेतल्या आहेत. आपले मूल ‘अजून तसं जाड नाही’ असे वाटत असते तेव्हाच ही रेषा ओलांडलेली असते.

पुण्याच्या अभ्यासात ताटाचा हिशेब मांडला तेव्हा एकूण उष्मांकांपेक्षा तीन साध्या गोष्टी बाळाच्या आकाराशी अधिक जोडलेल्या निघाल्या: पालेभाजी, फळे आणि दूध. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांनी कामाचा हिशेबही मांडला. गर्भारपणात ज्यांना अंगमेहनतीचे काम जास्त, त्यांची बाळे लहान. धाराशिवच्या वाचकाला हा निष्कर्ष वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मजुरी जोडीची. त्यामुळे बाईला दिवस गेले म्हणून कोयता थांबत नाही. मोळी डोक्यावर, पहाटेची गाडी भरायची, पालावर परतून स्वयंपाक. पालेभाजी, फळे, दूध या तिन्हींपैकी तिच्या वाट्याला काय येते ते सांगायला नको.

रक्ताच्या नमुन्यांतून अजून एक अनपेक्षित धागा निघाला. सहा गावांतल्या सुमारे दोन-तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते; फोलेट मात्र बहुतेकींत पुरेसे. बी-१२ फक्त प्राणिज अन्नात असते: दूध, अंडी, मासे, मटण. फोलेट भाजीपाल्यात आणि डाळींत, शिवाय गर्भारपणात मिळणाऱ्या गोळीत. ही दोन जीवनसत्त्वे शरीरात जोडीने काम करतात आणि पेशीतली कुठली जनुके चालू ठेवायची, कुठली बंद, या व्यवहारात त्यांचा हात असतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या आयांत फोलेट जास्त आणि बी-१२ कमी अशी विजोड स्थिती होती, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. हे वाचून कुणी फोलिक ॲसिडची गोळी बंद करू नये; बाळाच्या मणक्यातले गंभीर दोष ती टाळते. गोळीत बी-१२ची भर हवी, असा या संशोधनाचा रोख आहे.

ही मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा ६१९ जणांची तपासणी झाली. जवळजवळ निम्मे तरुण-तरुणी कमी वजनाचे होते, बीएमआय १८.५च्या खाली. तरीही मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर मर्यादेबाहेर होती; बहुतेक सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ज्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या आणि बाराव्या वर्षी किंचित वर होती, तेच अठराव्या वर्षी या यादीत जास्त सापडले. ‘पोरगं बारीक आहे, त्याला कशाला शुगर होतेय’ या समजुतीला एवढा धक्का दुसऱ्या कशाने बसला नसेल.

पोटातली उपासमार पुढे साखरेत दिसते याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला हॉलंडचा. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवले तेव्हा गर्भात असलेली माणसे पन्नाशीत तपासली गेली, आणि त्यांच्यात साखर पचवण्याची ताकद कमी दिसली. ती उपासमार काही महिन्यांची होती. मराठवाड्याची कहाणी वेगळी आहे. १९७२च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर खडी फोडणाऱ्या, परदेशातून आलेल्या मिलोची भाकरी आणि सुकडी खाणाऱ्या बायकांच्या पोटातली मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या आया आणि आज्यांनीही काही भरपेट खाल्ले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अपुऱ्या अन्नाने काय होते, हे माणसांवर तपासता येत नाही, म्हणून उंदरांकडे वळावे लागते. डॉ. आनंदवर्धन हार्डीकर, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांत लठ्ठपणा आणि मधुमेहाकडे कल आढळला. नंतर दोन पिढ्या पोटभर खायला घालूनही तो गेला नाही.

मग करायचे काय? मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी याचे उत्तर स्वयंपाकघरात शोधले. ‘सरस’ नावाच्या या चाचणीत २००६ पासून ६५१३ स्त्रियांना, दिवस जाण्याआधीपासून, रोज एक खाण्याचा पदार्थ दिला गेला. निम्म्यांच्या पदार्थात पालेभाजी, फळे आणि दूध. निम्म्यांच्या पदार्थात बटाटा-कांद्यासारख्या भाज्या. बाळाच्या वजनावर सरसकट परिणाम झाला नाही, आणि हे संशोधकांनी लपवले नाही. दिवस जाण्याआधी निदान तीन महिने खाणे सुरू केलेल्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली. अडचण अशी, की हा फायदा अंगाने बऱ्या बायकांना जास्त मिळाला. सर्वांत काटकुळ्यांना जवळजवळ नाहीच. पण एक निकाल खणखणीत होता. गर्भारपणातला मधुमेह दुसऱ्या गटात १२.४ टक्के, तर पालेभाजी-दूधवाल्या गटात ७.३ टक्के. कुठलेही औषध नाही, एका छोट्या खाऊने एवढा फरक.

पुण्याच्या सहा गावांतली मुले-मुली मोठी झाल्यावर त्यांच्यावरच पुढचा प्रयोग झाला. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रिया’ चाचणीत काहींना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२, काहींना त्याबरोबर इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये आणि काहींना नुसती साधी गोळी देण्यात आली. पुढे त्यांना बाळे झाली तेव्हा नाळेच्या रक्तातल्या जनुकांचा व्यवहार तपासला गेला. हलक्या वजनाच्या आईची मुलगी, आणि तिचे बाळ, अशी तिसरी पिढी एकाच अभ्यासात आली. एवढी चिकाटी संशोधकांची जितकी, तितकीच गावकऱ्यांची.

उपासमारीतून येणाऱ्या मधुमेहाला वैद्यकाच्या वर्गवारीत जागा मिळवायलाच फार झगडावे लागले. कृश, तरुण, गरीब रुग्णांतला असा मधुमेह १९५५ मध्ये जमैकात नोंदला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याला वेगळा प्रकार मानले आणि १९९९ मध्ये यादीतून काढून टाकले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झालेल्या अभ्यासाने २०२२ मध्ये दाखवले, की या रुग्णांत इन्सुलिन तयार होण्यातच मोठी तूट असते. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने बँकॉकच्या परिषदेत त्याला ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली. मान्यतेने एकदम उपचार सापडत नाहीत. पण काटकुळ्या पेशंटला ‘वजन कमी करा’ असा ठरावीक सल्ला देण्याआधी डॉक्टर थांबेल, एवढे तरी व्हावे.

वजन कमी करण्याचा हा सल्ला महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत फार गाजला. दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवा, मध्ये काही खाऊ नका, म्हणजे इन्सुलिन वारंवार वर जाणार नाही, असे सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित गावोगावच्या सभागृहांत पोहोचले; दर दोन तासांनी थोडे खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर यांच्याशी लोकांनी त्यांची तुलना करून लग्नाच्या पंगतींत वाद घातले. दीक्षित हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक. धाराशिवच्या त्या १०१० मुलींच्या शोधनिबंधावर सहलेखक म्हणून त्यांचे नाव आहे. एकाच माणसाच्या कामात जिल्ह्याची दोन्ही टोके आली: ज्यांना कमी खायला सांगायचे ते, आणि ज्यांच्या ताटात आधीच कमी आहे त्या. अडचण एवढीच की सभागृहातला सल्ला दोन्ही टोकांपर्यंत पोहोचतो.

दीक्षितांच्या मोहिमेत सुरुवातीलाच एचबीए१सी तपासून घ्यायला सांगतात. लॅबवाले तिला ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या काळात हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते ही तपासणी मोजते, आणि ६.५ टक्के किंवा वर गेले की मधुमेह ठरतो. आता लोहाची कमतरता असेल तर ही मोजणी फसवी होते. साखर तेवढीच असूनही आकडा वर दिसू शकतो, आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर खाली येतो. उलट सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्यांत पेशी लवकर मरतात, म्हणून आकडा खोटा कमी येतो. शंभरातल्या ८७ मुलींचे रक्त कमी असलेल्या भागात हे फार महत्त्वाचे आहे. मधुमेहाच्या गोळ्यांचीही अशीच एक बाजू आहे: मेटफॉर्मिन बराच काळ घेतले तर बी-१२ घटते, आणि पायांची जळजळ साखरेमुळे की बी-१२ कमी झाल्यामुळे, हा घोळ होतो. म्हणून तुळजापूर-उमरग्याच्या डॉक्टरसमोर ‘तीन महिन्यांची शुगर’ ६.६ आलेली तरुणी बसली असेल, तर आधी तिचे हिमोग्लोबिन आणि बी-१२ पाहायचे, आणि निदान ठरवण्याआधी उपाशीपोटीची साखर आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनंतरची साखर तपासून घ्यायची.